बॅटरी ठार बसली, जंपरवर गाडी चालू झाली, पण आता पाच बिघाड दिसतायत : आधी काय बघायचं

नमस्कार. आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर. तुम्ही महिनाभर गावी, गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी. परत आलात तर बॅटरी ठार, रिमोटनं दारसुद्धा उघडेना. शेजाऱ्यांनी जंपर केबल लावून चालू करून दिली, तुम्ही पाऊण तास फिरवून आणली. तेव्हापासून सिग्नलला थांबलं की इंजिन बंद पडतंय, मीटरमध्ये स्टेअरिंगची आणि एबीएसची (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) लाईट पेटलेलीच आहे, ड्रायव्हरकडची काच एका टचमध्ये वर जात नाही, कंपनीचा स्टिरिओ कोड मागतोय, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारला तर परत नुसतं कट-कट-कट. गॅरेजवाला म्हणतोय अल्टरनेटर गेलाय आणि ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) पण गेलाय, तीसेक हजारांची तयारी ठेवा.

माझं मत पहिल्यांदाच सांगून टाकतो, आत्ता एकही पार्ट बदलू नका. ईसीएम तर अजिबात नाही.

मी ऑटो इलेक्ट्रिकलचंच काम करतो, साताऱ्याकडं, आणि दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी संपली की अशा गाड्या रांगेनं येतात. तक्रार जवळपास हीच, क्रम पण हाच. यात घोळ असा होतो की तीन वेगळे प्रश्न एकात मिसळले जातात. एक, बॅटरी बसली कशामुळं. दोन, एवढी बसल्यावर ती बॅटरी कामाची राहिली का. तीन, करंट पूर्ण गेल्यामुळं गाडी काय काय विसरली. तुमचे बिघाड दिसायला पाच आहेत, पण स्टिरिओ, काच आणि इंजिन बंद पडणं हे बहुतेक तिसऱ्या प्रश्नातलं, सकाळचं कट-कट दुसऱ्यातलं, आणि स्टेअरिंग-एबीएसच्या लाईटी दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधल्या. पहिल्याचं उत्तर तर अजून कुणी शोधलेलंच नाही. अर्थात मी गाडी बघितलेली नाही, बॅटरी किती वर्षांची आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, जंपर लावताना काय झालं तेही माहीत नाही, त्यामुळं जिथं अंदाज आहे तिथं अंदाज असं म्हणेन.

सगळ्यात आधी बॅटरी नीट चार्ज करून घ्या, म्हणजे गाडीवर फिरवून नव्हे, बॅटरीच्या दुकानात चार्जरवर. हे मी का घोकतोय ते सांगतो. अल्टरनेटरचं काम चालत्या गाडीला करंट देणं आणि बॅटरीतलं जे थोडंफार खर्च झालंय ते भरून काढणं एवढंच आहे, पूर्ण रिकामी बॅटरी भरायला तो बनवलेला नाही. तुमच्या गाडीत ३५ अँपिअर-अवरच्या आसपासची बॅटरी असणार. ती ठार बसलेली असताना पाऊण तास सिग्नलमधनं फिरवली, वर एसी लावला, तर तिच्यात किती गेलं असेल? पाव भरली तरी पुष्कळ. रात्रभर उभी राहिल्यावर सेल्फ उचलणार कसा. त्यामुळं दुसऱ्या दिवशी परत बसली म्हणून अल्टरनेटर गेला हा निष्कर्ष निघतच नाही. उलट अशा पूर्ण रिकाम्या बॅटरीवर रोज जंपर मारून गाडी पळवत राहिलात तर चांगला अल्टरनेटर सतत फुल लोडवर तापून खरंच जायचा, असे झालेले बघितलेत.

चार्जिंग सावकाश करायला सांगा. साधा हिशोब, बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या भागाएवढा करंट, म्हणजे ३५ ला साडेतीन अँपिअर, आणि दहा-बारा तास. दुकानदार घाईत असला की फास्ट चार्जिंग लावून दोन तासांत हातात देतो, वरवर व्होल्टेज छान दिसतं आणि तिसऱ्या दिवशी परत रडगाणं. घरी चार्जर असेल तर एक लक्षात ठेवा, आजकालचे ऑटोमॅटिक चार्जर फार खाली गेलेली बॅटरी ओळखतच नाहीत, लाल लाईट दाखवून बसून राहतात, त्याचा अर्थ चार्जर खराब असा नाही. जागा हवेशीर पाहिजे, चार्जिंगला हायड्रोजन सुटतो, शेजारी बिडी-सिगारेट नको आणि क्लिप लावताना-काढताना चार्जरचं बटण बंद पाहिजे.

चार्ज झाली की लगेच मीटर लावू नका, चार-पाच तास ठेवा, नाहीतर निदान हेडलाईट दोन मिनिटं चालू ठेवून बंद करा आणि मग मोजा. साधा डिजिटल मल्टिमीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो आणि घरात असावाच. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ ला जेमतेम पाव, ११.८ च्या खाली रिकामी समजा. बारा तास चार्जिंग करूनही साडेदहावरच अडकली असेल तर आतल्या सहापैकी एक सेल गेलाय, ती बॅटरी विसरा. आणि १२.६ दाखवते पण सेल्फ मारताना मीटर ९.६ च्या खाली झपकन येतो, तर तिच्यात व्होल्टेज आहे पण ताकद नाही, तीही बदलायची. दुकानात लोड टेस्टर असतो, त्यावर ठेवून समोर दाखवायला सांगा, नुसतं ठीक आहे म्हटलेलं ऐकून घेऊ नका.

बॅटरी वाचेल का हे दोन गोष्टींवर आहे, वय किती आणि रिकामी किती दिवस पडून होती. एका रात्रीत डिकीचा दिवा राहून बसलेली दोन वर्षांची बॅटरी बहुतेक वेळा चार्ज करून मस्त चालते. पण रिकाम्या अवस्थेत पंधरा-वीस दिवस पडली तर प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो, मग चार्जिंग पूर्ण घेतच नाही, घेतल्यासारखी करते. चार वर्षं झालेली असेल तर मी तरी तिच्यामागं वेळ घालवणार नाही, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तीन ते पाच वर्षं हेच बॅटरीचं आयुष्य. वॉरंटीत असेल तर बिल आणि कार्ड घेऊन जा, पण नुसती उतरलेली बॅटरी कुणी लगेच बदलून देत नाही, आधी चार्जिंगला ठेवून घेतात मग टेस्ट करतात, तेवढा दिवस धरून चाला.

आता टर्मिनल. हे ऐकायला किरकोळ वाटतं पण कट-कट आवाजाच्या गाड्यांत बरंच काही इथंच निघतं. इंजिन बंद करून टर्मिनल हातानं फिरवून बघा, हललं तर तोच तुमचा बिघाड असू शकतो. छोट्या गाड्यांना जपानी मापाची, बारीक पोस्टची बॅटरी येते आणि कुणी मध्येच वेगळ्या मापाची टाकलेली असली की क्लॅम्प मोठा पडतो, मग मध्ये पत्र्याची पट्टी नाहीतर तांब्याची तार गुंडाळून बसवतात. मीटरवर १२.६ येतं कारण मीटरला करंट लागतच नाही, पण सेल्फला शंभराच्या वर अँपिअर लागतात, ते त्या पट्टीतनं जात नाहीत. सोलेनॉइड (सेल्फचा चुंबकी स्विच) ओढला जातो, व्होल्टेज पडतं, सुटतो, परत ओढला जातो, तेच ते कट-कट. पट्टी काढा आणि बरोबर मापाचं टर्मिनल घाला. पांढरी-हिरवी पावडर जमली असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुवा, घासा, कोरडं करा, घट्ट करून वरनं व्हॅसलीन लावा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी, दहाचा पाना पुरतो.

इथं एक टेस्ट सांगतो जी फारसं कुणी करत नाही. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर (क्लॅम्पवर नाही, शिशाच्या पोस्टवरच), दुसरं इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर, आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थिंगची केबल किंवा तिचं नट खराब आहे. वरून इन्शुलेशन चांगलं दिसतं आणि आत तांबं हिरवं झालेलं असतं. अशा गाडीला नवी बॅटरी टाकली तरी महिनाभर बरं चालतं आणि परत तेच.

मग अल्टरनेटर. बॅटरी पूर्ण भरलेली असताना, इंजिन चालू, सगळं बंद, बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला पाहिजेत. मग हेडलाईट, ब्लोअर, एसी सगळं लावा, थोडा रेस द्या, साडेतेराच्या वर टिकलं तर अल्टरनेटर ठीक. काही नव्या गाड्यांत स्मार्ट चार्जिंग असतं, तिथं व्होल्टेज मुद्दाम कमी-जास्त होतं आणि १२.८ दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही, पण तुमची त्यातली वाटत नाही. मीटर एसी व्होल्टवर (हा एसी म्हणजे अल्टरनेटिंग करंट, गारव्याचा नव्हे) लावून इंजिन चालू असताना अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर अल्टरनेटरमधला डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) खराब आहे. हे महत्त्वाचं अशासाठी की खराब डायोड रात्रभर बॅटरी पण खातो, म्हणजे चार्जिंगही कमी आणि गळतीही चालू. आणि कृपा करून ती जुनी टेस्ट कुणाला करू देऊ नका, इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढायचं आणि बंद पडलं तर अल्टरनेटर गेला म्हणायचं. ती डायनामोच्या जमान्यातली. आजच्या गाडीत तसं केलं की व्होल्टेज उसळतं आणि ईसीएमला खरंच धोका होतो.

जंपर लावताना केबल उलटी लागली होती का, क्षणभर तरी? शेजाऱ्यांना वाईट न वाटेल असं विचारा. मोठी ठिणगी उडाली, फट् असा आवाज आला, असं काही आठवतंय का बघा. उलटी लागली तर बॅटरीजवळच्या किंवा इंजिन रूममधल्या फ्यूज बॉक्समधला मोठा मेन फ्यूज उडतो, ६०-८० अँपिअरचा, तो स्क्रूनं बसवलेला असतो आणि वरून काचेतनं दिसतो. चार्जिंगचा फ्यूज उडाला की अल्टरनेटर चांगला असूनही बॅटरीपर्यंत काही येत नाही, मीटर १२ च्या खाली दाखवतो आणि मेकॅनिक अल्टरनेटर बदलायला काढतो. फ्यूज बघायला दोन मिनिटं लागतात, आधी तो बघा. पुढच्या वेळी जंपर लावायचा झाला तर लाल आधी बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचं टोक बसलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूवर, बॅटरीपासून लांब. लावल्या लावल्या सेल्फ मारू नका, दुसरी गाडी पाच-दहा मिनिटं चालू ठेवा. काढताना उलट क्रमानं.

आता तुमच्या त्या विसरण्याकडं येऊ. सिग्नलला बंद पडणं यामुळं लोक सगळ्यात जास्त घाबरतात आणि गॅरेजवाले इथंच ईसीएमचं नाव काढतात. आत काय होतं ते बघा. थ्रॉटल बॉडीत (इंजिनात हवा सोडणारा भाग) वर्षानुवर्षं कार्बन जमतो, बटरफ्लायच्या, म्हणजे आतल्या हवेच्या झडपेच्या, कडेची फट कमी होते, हवा कमी जाते. ईसीएम हे हळूहळू शिकत जातो आणि आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) बटरफ्लाय थोडी जास्त उघडी ठेवतो, तुम्हाला पत्ताच लागत नाही. बॅटरी ठार झाली की बऱ्याच गाड्यांत हे शिकलेलं पुसलं जातं आणि ईसीएम कंपनीनं दिलेल्या मूळ जागेवर येतो, जी स्वच्छ थ्रॉटल बॉडी धरून ठरवलेली असते. कार्बन मात्र तिथंच. मग आरपीएम खाली पडून इंजिन बंद. म्हणजे ईसीएम बिघडलेला नाही, तो आठवणीविना परत पहिल्या दिवसापासून सुरू झालाय. थ्रॉटल बॉडी क्लीनर स्प्रेनं साफ करून घ्या, आणि मग आयडल शिकू द्या. पद्धत कंपनीनुसार बदलते, काहींना स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लागतो, पण साधारण असं, सगळं बंद ठेवून इंजिन चालू करा, अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावू नका, नॉर्मल तापमानाला येईपर्यंत चालू द्या, मग एसी लावून पाच मिनिटं, आणि मग पंधरा-वीस किलोमीटर शांतपणे चालवा, थांबत-निघत. दोन-तीन दिवसांत बसतं जागेवर. थ्रॉटल बॉडी साफ करताना बटरफ्लाय बोटानं जोरात ढकलू द्यायची नाही, इलेक्ट्रॉनिक असेल तर आतले गिअर तुटतात.

स्टेअरिंगची लाईट. इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगची मोटर वळवताना बराच करंट ओढते, आणि व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली गेलं की ती स्वतःहून मदत बंद करते आणि लाईट लावते. बॅटरी अर्धमेली असताना तिनं असं करणं हे बरोबरच आहे. एबीएसचंही तसंच. दोन दिवस उपाशी असलेल्या माणसाला पळायला लावून याचं हार्ट खराब आहे म्हणायचं, तसं हे कमी व्होल्टेजवर घेतलेलं स्कॅनिंग. पूर्ण चार्ज झाल्यावर इंजिन चालू करून स्टेअरिंग एकदा पूर्ण डावीकडं, एकदा पूर्ण उजवीकडं, मग सरळ, आणि मोकळ्या रस्त्यावर थोडं सरळ चालवा, बऱ्याच गाड्यांत लाईट आपोआप जाते. नाही गेली तर स्कॅनर लावून फॉल्ट कोड लिहून घ्या, मग पुसा, मग चालवून परत बघा काय येतंय. पी ०५६२ म्हणजे सिस्टिम व्होल्टेज कमी, हा बसलेल्या बॅटरीनंतर असणारच, आणि यू पासून सुरू होणारे कोड म्हणजे एका मॉड्यूलला दुसऱ्याशी बोलता आलं नव्हतं, तेही कमी व्होल्टेजमुळं थप्पीनं साठतात. पुसल्यावर जे परत येतं तेवढंच खरं. गॅरेजवाल्यानं तुम्हाला कोड दाखवले का? कागदावर कोड न देता ईसीएम गेला म्हणणाऱ्याकडनं गाडी काढून घ्या.

पण एक गोष्ट गंभीरपणे, लाईट जाईपर्यंत हायवेला किंवा घाटात जाऊ नका. स्टेअरिंग अचानक जड झालं तर ते वळणावर कळून उपयोग नाही. आणि सोबत ब्रेकची लाल लाईट पण असेल तर तो वेगळाच विषय आहे, ब्रेक ऑइलपासून तपासायचं.

काच सोपी आहे. पूर्ण खाली करा, मग बटण वर ओढून धरा, काच वर गेल्यावरही पाच सेकंद धरून ठेवा. काही गाड्यांत खाली करतानाही तसंच धरावं लागतं. बोट अडकलं तर काच थांबावी म्हणून तिला वरचं-खालचं टोक माहीत लागतं, ते ती विसरली, एवढंच. सनरूफवाल्यांनाही हेच. स्टिरिओचा कोड मॅन्युअलच्या पाउचमध्ये छोट्या कार्डावर असतो, नसेल तर आरसी घेऊन शोरूमला जा, अंदाजे आकडे मारत बसू नका, चुकीचे टाकत गेलं की लॉक होतो.

रिमोटचं तुम्ही ओझरतं लिहिलंय की कधी चालतो कधी नाही. आधी गाडीची बॅटरी, मग रिमोटमधला सेल, बहुतेकांत सीआर २०३२ असतो, स्वस्तातलं काम आहे. कुणी म्हणालं बॅटरी गेल्यामुळं चावीचं प्रोग्रॅमिंग उडालं तर जरा थांबा, इमोबिलायझरची (बरोबर चावी नसेल तर इंजिन चालू होऊ न देणारी यंत्रणा) चावीची ओळख ज्या मेमरीत असते ती करंट गेल्यानं पुसली जात नाही. कमी व्होल्टेजला चावी नीट वाचता येत नाही हे मात्र होतं. ज्यांच्याकडं पुश बटण आहे त्यांनी चावीच बटणाला टेकवून स्टार्ट करून बघा, आणि त्या चावीच्या पोटात साधी लोखंडी चावी असते, दार उघडायला ती आहे हे कित्येक मालकांना माहीतच नसतं.

इतकं करून बॅटरी भरली, चार्जिंग बरोबर, लाईटी गेल्या, गाडी आयडलला टिकली, तर राहिला पहिला प्रश्न, बसली का. इथं उत्तर कदाचित निराशाजनक साधं आहे. गाडी बंद असली तरी अलार्म, ईसीएम, घड्याळ, स्टिरिओची मेमरी हे सगळं थोडा करंट घेतच असतं, ५० मिलिअँपिअरपर्यंत मी नॉर्मल धरतो. तेवढ्यानं दिवसाला १.२ अँपिअर-अवर, म्हणजे महिन्याला ३६. तुमची बॅटरीच ३५ ची. ३० मिलिअँपिअर धरले तरी महिन्यात २१ च्या वर जातात, आणि तीन वर्षं जुन्या बॅटरीत मुळात पंचवीसएक उरलेले असतात. म्हणजे काहीही बिघाड नसताना महिन्यात बसू शकते. बाहेरून डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, अँड्रॉइड स्टिरिओ बसवला असेल तर पंधरा दिवसांतसुद्धा. फास्टॅगवर संशय घेणारे भेटतात, त्याला बॅटरीच लागत नाही, तो सोडून द्या.

तरी पण खात्री करायची तर गळती मोजा. बॅटरीचं निगेटिव्ह काढून मध्ये मल्टिमीटर लावायचा, १० अँपिअरच्या भोकात वायर घालून. त्याआधी बॉनेट उघडं असतानाच त्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरनं दाबून बंद करा म्हणजे गाडीला वाटतं बॉनेट लागलंय, ड्रायव्हरचं दार पण तसंच किंवा काच खाली ठेवून लावून घ्या, रिमोटनं लॉक करा, चावी लांब ठेवा आणि अर्धा तास हात लावू नका. सुरुवातीला अँपिअरमध्ये आकडा दिसेल, मग टप्प्याटप्प्यानं खाली येतो, गाडी झोपते तसा. मध्ये दार उघडलंत की परत पहिल्यापासून, आणि मीटर जोडलेला असताना सेल्फ मारलात तर मीटर किंवा त्याचा फ्यूज जाणार. अर्ध्या तासानं पन्नास मिलिअँपिअरच्या, म्हणजे मीटरवर ०.०५ च्या, आत असेल तर गाडीत गळती नाही. दोनशे-तीनशे दाखवत असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्यानं आकडा पडतो त्या सर्किटमध्ये चोर आहे. कुठल्याच फ्यूजनं पडत नसेल तर अल्टरनेटरच्या डायोडकडं जा.

माझ्याकडं सगळ्यात जास्त निघतो तो बाहेरचा स्टिरिओ. त्याला दोन वायरी असतात, पिवळी कायम करंटची आणि लाल चावीवरची, आणि बसवणाऱ्याला चावीवरची लाईन शोधायचा कंटाळा आला की दोन्ही एकत्र पिळून कायम करंटला जोडून मोकळा होतो. स्क्रीन काळी दिसते म्हणून बंद वाटते, आत सगळं जागं. त्याखालोखाल डिकीचा दिवा, ज्याचा स्विच चिकटतो. तो बघायला मोबाईलचा व्हिडिओ चालू करून डिकीत ठेवायचा आणि डिकी लावायची, आणि अर्ध्या मिनिटानं काढून बघायचं अंधार होतोय का.

आणि उंदीर. महिनाभर उभी गाडी म्हणजे त्यांना घरच. बॅटरी चार्ज होऊनही एबीएसची लाईट एकाच चाकाच्या सेन्सरवर अडकली असेल तर त्या सेन्सरची वायर कुरतडलीय का ते बघा, आणि इंजिनच्या वरचा प्लॅस्टिक कव्हर काढून आत शेंगांची टरफलं, कापसाचे बोळे, लेंड्या दिसतात का. यात बॅटरीचा काही संबंध नसतो, दोन्ही एकाच महिन्यात झालं एवढंच.

म्हणजे क्रम असा, दुकानात सावकाश चार्जिंग आणि लोड टेस्ट, टर्मिनल आणि अर्थिंग, मेन फ्यूज, मग अल्टरनेटर, मग कोड लिहून पुसणं आणि आयडल-काच-स्टेअरिंग शिकवणं, आणि शेवटी गळती. ईसीएम या यादीत नाही. इतकं सगळं बरोबर असून इंजिनचे कोड परत परत आले, आणि ईसीएमचा करंट आणि अर्थिंग तपासून ठीक निघालं, तरच त्याच्याकडं वळायचं, आणि तेव्हाही आधी दुसऱ्या माणसाचं मत.

धक्का स्टार्टचं कुणीतरी खाली सुचवेल म्हणून आधीच सांगतो, ठार बसलेल्या बॅटरीवर फ्युएल इंजेक्शनची गाडी धक्क्यानं चालू होत नाही, टाकीतल्या पेट्रोलच्या पंपाला आणि ईसीएमलाच करंट नसतो. थोडी धुगधुगी असेल तर मॅन्युअलमध्ये होते, ऑटोमॅटिकमध्ये तेही नाही.

परत महिनाभर जायचं असेल तर निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा, आधी काचा वर करून, आणि दार नुसत्या चावीनं उघडतं का हे तपासून. घड्याळ, काच परत शिकवावी लागेल, स्टिरिओचा कोड हाताशी ठेवा. कुणी घरी असेल तर आठवड्यातनं एकदा अर्धा तास रस्त्यावर फिरवून आणायला सांगा, नुसतं पार्किंगमध्ये पाच मिनिटं चालू करून बंद केल्यानं फायदा होत नाही, सेल्फला गेलं तेवढंही धड भरत नाही.

आता मला चार गोष्टी कळवा. बॅटरीवरची तारीख, चार्जिंगनंतर रात्रभर ठेवून सकाळचं व्होल्टेज, इंजिन चालू असताना सगळे लोड लावून किती येतंय, आणि पुसल्यानंतर परत आलेले कोड. गॅरेजवाल्यानं अल्टरनेटर खोलला असेल तर तेही सांगा, कारण मग त्याच्या मागची वायर नीट घट्ट केलीय का हे पण बघावं लागेल.